भागीचं घोडं जगवायचं कसं : दोघांच्या धंद्यातल्या सवयी

भागीचं घोडं किवणानं मेलं, असं आपण सहज म्हणून जातो. त्या घोड्याला काही असाध्य रोग नव्हता. जखम झाली, ती रोज धुवायची होती, आणि ती कोणी धुवायची हे दोघांत ठरलेलं नव्हतं. दोन मित्रांची, दोन भावांची किंवा साडू-साडूंची भागी मोडते तेव्हा बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. मोठ्या फसवणुकीचे किस्से गावभर होतात, पण भागी मोडते ती गल्ल्यातून न सांगता उचललेल्या दोन हजारांवर आणि शनिवारी कुलूप लावायला कोण थांबणार यावर.

उदाहरणाला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप घेऊ. ग्रिल, गेट, जिने, पत्र्याची शेड अशी कामं. एक भागीदार वर्कशॉपवर असतो : माल, वेल्डर-हेल्पर, कटिंग. दुसरा साइटवर : माप घेणं, कोटेशन, फिटिंग, वसुली. किराणा, केटरिंग किंवा क्लासेस असतील तर कामांची नावं बदला, सवयी त्याच राहतील.

करारनाम्याआधीचे तीन महिने

भागीदारीपत्र करायची घाई करू नका. आधी एकच काम दोघांनी मिळून घ्या, दीड-दोन लाखांचं, आणि त्याचा हिशोब शेवटच्या रुपयापर्यंत लिहा. तीन महिन्यांत समोरचा माणूस बराचसा कळतो. पैसे अडकले की फोन उचलतो का, चूक झाली की आधी कारण सांगतो की आधी दुरुस्त करतो, आणि हिशोब मागितला की त्याचा चेहरा बदलतो का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं ज्याला वाटतं, त्याच्याशी मैत्री जरूर ठेवा, भागी करू नका.

मग दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची. घरी दरमहा किती पैसे लागतात? पहिले सहा महिने काहीच मिळालं नाही तर भागेल का? आठवड्याला किती तास देणार? घरचा कोणी धंद्यात येणार आहे का? अंगावर कोणतं कर्ज आहे? पाच वर्षांनी हा धंदा केवढा असावा असं वाटतं? कोणत्या परिस्थितीत बाहेर पडाल? नंतर कागद अदलाबदल करून वाचा. एकाला दरमहा चाळीस हजार लागतात आणि दुसऱ्याला सगळा नफा धंद्यातच फिरवायचा आहे, हे आज कळलं तर तोडगा निघतो. दोन वर्षांनी कळलं तर भांडण होतं.

कागदावर काय हवं

लेखी काही ठरलं नसेल तर १९३२चा भागीदारी कायदा लागू होतो आणि त्याची उत्तरं अनेकांना धक्का देतात. भांडवल कोणी सहा लाख घातलं, कोणी दोन, तरी नफा-तोटा सारखा. दिवसरात्र राबणाऱ्याला कामाचा वेगळा पगार नाही. ठरलेल्या भांडवलापलीकडे कोणी फर्मला पैसे दिले तर त्यावर व्याज ६ टक्के. आणि फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला जबाबदार, स्वतःच्या घरादारासकट. पन्नास टक्के भागीदार म्हणजे पन्नास टक्केच देणं, असं बाहेरच्या देणेकऱ्याला सांगता येत नाही. ही जोखीम नको असेल तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार करा, तिथे जबाबदारी साधारणपणे घातलेल्या भांडवलापुरती राहते. मात्र दरवर्षी भरायचे कागद वाढतात.

भागीदारीपत्र झालं की फर्मची नोंदणी निबंधकाकडे करून घ्या. कायद्याने ती सक्तीची नाही, म्हणून लोक टाळतात. पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे वसूल करण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. तीन लाखांची शेड उभारून दिली, समोरच्याने हात वर केले, आणि वकील सांगतो की आधी नोंदणी करून या. ही वेळ येऊ देऊ नका.

पैशांची वाटणी : एक पूर्ण हिशोब

‘नफा अर्धा-अर्धा’ एवढंच ठरवणं हे निम्म्या भांडणांचं मूळ. धंद्यातून भागीदाराला तीन वेगवेगळ्या कारणांनी पैसे मिळतात : भांडवल अडकवलं म्हणून व्याज, काम केलं म्हणून पगार, जोखीम घेतली म्हणून नफा. तिन्ही वेगळे ठेवले की कोण कशाचे घेतोय हे दिसतं.

वर्कशॉपवाल्याने ६ लाख घातले, साइटवाल्याने २ लाख. दोघंही पूर्णवेळ. भांडवलावर १२ टक्के सरळ व्याज, दोघांना दरमहा २०,००० पगार, उरलेला नफा निम्मा-निम्मा. हे काहीही देण्याआधी वर्षाचा नफा ९ लाख धरू. व्याज ७२,००० आणि २४,०००, म्हणजे ९६,०००. उरले ८,०४,०००. दोघांचे पगार ४,८०,०००. उरले ३,२४,०००. त्यावर फर्मचा आयकर ३० टक्के आणि करावर ४ टक्के उपकर, मिळून १,०१,०८८. हातात साधारण २,२२,९०० राहिले. यातला तिसरा हिस्सा, ७४,३००, धंद्यात ठेवायचा असं आधीच ठरलं असेल तर प्रत्येकाला ७४,३०० मिळतात. वर्षअखेर वर्कशॉपवाल्याकडे ३,८६,३०० आणि साइटवाल्याकडे ३,३८,३००. फरक ४८,०००, आणि तो निव्वळ जास्त अडकवलेल्या पैशांच्या व्याजाचा. ‘मी जास्त घातले’ आणि ‘मी उन्हातान्हात फिरतो’ या दोन्ही तक्रारींना आकड्यातच जागा मिळाली.

आयकराच्या दृष्टीने काही मर्यादा आहेत. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून धरलं जातं. काम करणाऱ्या भागीदारांच्या पगाराला पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यातलं जे जास्त ते, आणि त्यावरच्या नफ्याला ६० टक्के, अशी सगळ्यांची मिळून मर्यादा आहे. वरच्या उदाहरणात ती ५,४०,००० अधिक १,२२,४००, म्हणजे ६,६२,४०० येते, त्यामुळे ४,८०,००० आरामात बसतात. पगाराचा आकडा किंवा तो काढायची रीत भागीदारीपत्रात लिहिलेली हवी, नाहीतर खर्च धरत नाहीत. १ एप्रिल २०२५पासून भागीदाराला दिलेला पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून वर्षाला २०,०००च्या वर गेलं की फर्मने १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर, कापायचा आहे. जुन्या फर्मांच्या हे अंगवळणी पडलेलं नसतं. सीएला या महिन्यातच विचारा.

आता उचल. महिन्याच्या ठरल्या तारखेला, समजा ५ तारखेला, दोघांच्या खात्यावर पगार जमा. मधे लागले तर पगाराच्या निम्म्यापर्यंत उचल चालेल, पण घेण्याआधी सांगायचं. घेतल्यावर सांगितलेली उचल समोरच्याला चोरीसारखी वाटते, रक्कम कितीही लहान असो.

काउंटरवरचा क्यूआर

नव्या धंद्यात पहिल्या दिवशी घाईने जो क्यूआर चिकटवतात, तो एका भागीदाराच्या बचत खात्याचा असतो. ‘चालू खातं निघालं की बदलू.’ ते बदललं जात नाही. आठ महिन्यांनी त्या खात्यात गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स, बायकोच्या मोबाइलचा रिचार्ज, मुलाची फी आणि पावडर कोटिंगवाल्याचं बिल, सगळं एकाच यादीत उतरलेलं असतं. मग एका रात्री दोघं बसून ‘हे १,८५० कशाचे?’ असं एकेक ओळ विचारत सुटतात. ज्याचं खातं आहे तो प्रामाणिक असला तरी आरोपी होऊन बसतो.

इलाज साधा आहे. आजमावणीचं ते पहिलं काम सोडलं तर, फर्मच्या नावाचं चालू खातं उघडेपर्यंत एकही ऑर्डर घ्यायची नाही. क्यूआर त्याच खात्याचा, पैसे जमा झाल्याचा मेसेज दोघांच्या फोनवर. नेटबँकिंगला एकाने रक्कम टाकायची, दुसऱ्याने मंजूर करायची. रोखीसाठी पेटीत ५,००० ठेवा आणि सोबत व्हाउचरचं पुस्तक. डिस्कचं पाकीट आणलं, टेम्पोवाल्याला भाडं दिलं, चहा झाला, तर तारीख, रक्कम, कारण, सही. पेटी रिकामी झाली की व्हाउचरची बेरीज करून तेवढेच पैसे पुन्हा भरायचे. म्हणजे रोख आणि व्हाउचर मिळून नेहमी ५,००० भरतात. एका माणसाला एका दिवसात १०,०००च्या वर रोख दिली तर तो खर्च सहसा आयकरात धरला जात नाही, तेव्हा मालाचं बिल बँकेतूनच.

एका कामाला एकच नाव

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली ती पाच भागीदारांची. शांतारामबापू दिग्दर्शन बघत, दामले ध्वनी, फत्तेलाल कला, धायबर कॅमेरा, आणि सीताराम कुलकर्णी पैशांची बाजू. पुढे भागीदार वेगळे झाले, बापूंनी १९४२मध्ये प्रभात सोडली. पण तोवर कंपनीने जे चित्रपट काढले ते आजही डोळ्यांपुढे आहेत. पाच जण चालले, कारण कोणाचं क्षेत्र कुठे संपतं हे बऱ्यापैकी ठाऊक होतं.

तुमच्या धंद्याची सगळी कामं एका मोठ्या कागदावर लिहा. बारीकसुद्धा : ग्राइंडरची डिस्क संपत आली हे बघणं, वीजबिल, शटरचं कुलूप, वेल्डरांची हजेरी, भंगार विकणं. साधारण चाळीस ओळी होतील. प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. ‘दोघं’ हा शब्द कुठे आला की समजा ते काम कोणाचंच नाही. सरकारी तारखा वेगळ्या लिहा : टीडीएस भरणं ७, जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) ११ तारखेला, ३बी (कर भरायचं विवरणपत्र) २० तारखेला (तिमाहीवाल्यांचं वेळापत्रक निराळं), पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा) १५. यातल्या प्रत्येकाला मालक हवा आणि तो आजारी पडला तर पुढचा कोण हेही.

ज्याचं काम, त्याचा शब्द शेवटचा. वर्कशॉपवाल्याला साइटवाल्याने कोटेशन कसं लावलं ते पटलं नाही तर त्याने सोमवारी बोलावं, गिऱ्हाइकाला परस्पर फोन करून दर बदलू नये. खर्चाला पायऱ्या ठेवा. ५,०००पर्यंत कोणीही एकट्याने. ५,००० ते ५०,००० दुसऱ्याला आधी फोन. त्याच्या वर दोघांचा होकार, व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी. आकडे तुमच्या उलाढालीप्रमाणे लहानमोठे करा. काही गोष्टी मात्र रक्कम न बघता दोघांच्याच : कर्ज, जामीन, जागेचा करार, महिन्याहून लांब उधारी, आणि नात्यातला माणूस कामाला ठेवणं.

नातेवाइकांबद्दल सरळच सांगायला हवं. मेहुण्याला ठेवायला हरकत नाही, पण तो ज्याचा मेहुणा त्याच्या हाताखाली नको. त्याची हजेरी, पगारवाढ आणि बोलणी दुसऱ्या भागीदाराकडे. काढून टाकायची वेळ आली तर तोही निर्णय दुसऱ्याचा. हे मान्य नसेल तर बाहेरचा हेल्पर शोधा.

रोज दहा मिनिटं, सोमवारी पाऊण तास

रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी दहा मिनिटं रोजमेळ. आज काय आलं, काय गेलं, पेटी जुळली का, उद्या कोणाचं फिटिंग. एक साइटवर अडकला असेल तर फोनवर. पेटी शंभर रुपयांनी जुळत नसेल तर ‘जाऊ दे’ म्हणू नका, ‘तूट १००’ लिहा आणि पुढे जा. महिन्यात अशा पाच नोंदी दिसल्या तर रीत कुठेतरी चुकतेय. लिहिलंच नाही तर शंका माणसावर जाते.

सोमवारी सकाळी, कामगार यायच्या आधी, पाऊण तासाची बैठक. चहा आधी मागवून ठेवा आणि फोन शटरपाशी ठेवा. पहिली पंधरा मिनिटं आकडे : बँकेतली शिल्लक, येणं, देणं, साठ दिवसांवरची उधारी कोणाकडे. पुढची वीस मिनिटं चालू कामं आणि त्यातल्या अडचणी. शेवटची दहा मिनिटं एकमेकांशी. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची जी गेल्या आठवड्यात समोरच्याने चांगली केली, आणि एक जी खटकली. पहिले तीन सोमवार हे अवघडल्यासारखं होतं, मराठी पुरुषांना समोरासमोर कौतुक करायची सवय नसते, चौथ्यापासून जमतं. बैठकीच्या वहीत निर्णय, नाव, तारीख एवढंच लिहायचं. पुढच्या सोमवारी सुरुवात त्याच पानाने.

ही बैठक कामाच्या गर्दीतच आधी बुडते. दिवाळीआधी पंधरा दिवस फिटिंगची झुंबड असते आणि ‘आता वेळ कुठाय’ म्हणून दोन सोमवार सोडले जातात. नेमक्या त्याच दिवसांत पैसा सर्वात जास्त हलत असतो. तेव्हा पाऊण तासाची वीस मिनिटं करा, शून्य करू नका.

खटकलं ते कसं सांगायचं

सांगायची मुदत पुढच्या सोमवारच्या बैठकीपर्यंत. त्या मुदतीत बोललं नाही तर ते प्रकरण आपल्यापुरतं बंद. सहा महिन्यांनी भांडणात ते काढायचं नाही. कामगारांसमोर नाही, गिऱ्हाइकासमोर तर नाहीच, आणि घरी जेवताना बायकोला सांगून तिच्याकडून त्याच्या बायकोला कळवणं, हा भागी मोडायचा सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे.

वाक्य कसं बांधायचं तेही बघा. गेट चौकटीत बसलं नाही, सहा सूत (पाऊण इंच) कमी पडलं, पाइप वाया गेला. ‘तू नेहमी माप घाईत घेतोस’ असं म्हटलं की समोरचा ‘नेहमी’ या शब्दाशी भांडतो, आणि माप बाजूला राहतं. त्याऐवजी : ‘मंगळवारच्या गेटचं माप वरच घेतलंस, खाली चौकट आत आली होती. चाळीस बाय चाळीसचा एक पाइप गेला आणि वेल्डरचा अर्धा दिवस. यापुढे वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेऊन फोटो टाकशील का?’ घटना, नुकसान, मागणी. स्वभाव कुठेही नाही. समोरच्यानेही ‘पण तू परवा…’ असं न म्हणता आधी एवढंच म्हणावं, ‘हो, खालचं माप घेतलं नव्हतं.’ सांगणाऱ्याच्या चुकांची पाळी नंतर येईल, आज नाही.

स्वतःवर करायचं काम इथेच आहे, आणि ते सोपं नाही. आवाज चढायला लागला की ‘अर्ध्या तासाने बोलू’ म्हणून उठायचं, पण अर्ध्या तासाने खरोखर परत यायचं. उठून गेलेला माणूस दोन दिवस अबोला धरणार असेल तर त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

दोघांचं मत निम्मं-निम्मं अडलं तर तीन दिवस थांबा. तरी सुटलं नाही तर दोघांनी आधीच ठरवून ठेवलेल्या तिसऱ्या माणसाकडे जा. तो सीए असेल, बाजारातला एखादा जुना व्यापारी असेल. दोघांपैकी कोणाचाही नातेवाईक नको. त्याचं नाव भांडण नसताना ठरवा. भांडण पेटल्यावर सुचवलेलं प्रत्येक नाव समोरच्याला ‘त्याचा माणूस’ वाटतं.

आणखी एक सवय : वर्षातून पंधरा दिवस कामं बदला. साइटवाल्याने वर्कशॉपवर बसून वेल्डरांची हजेरी आणि मालाचे दर सांभाळावेत, वर्कशॉपवाल्याने उन्हात दुसऱ्या मजल्यावर चढून माप घ्यावं आणि पार्टीच्या घरी तीनदा वसुलीला जावं. ‘तुझं काम सोपं आहे’ हे वाक्य त्यानंतर धंद्यात ऐकू येत नाही. एकाला अपघात झाला तर दुकान बंदही पडत नाही.

निघायची वाट आधीच आखा

वेगळं व्हायचे नियम सगळं गोड असताना लिहायचे असतात. मुदत : तीन महिन्यांची लेखी नोटीस. मोजणी : माल खरेदीच्या दराने, मशिनरी खातेवहीतल्या घसारा (वापराने दरवर्षी उतरणारी किंमत) वजा किमतीने, आणि सहा महिन्यांवरची उधारी वसूल होईल तेव्हा आणि तेवढीच वाटायची. पैसे : सहा मासिक हप्त्यांत, म्हणजे राहणाऱ्याचा गळा आवळला जात नाही. भागीदाराचा मृत्यू झाला तर करारात वेगळं लिहिलेलं नसेल तेव्हा फर्मच विसर्जित होते, म्हणून वारसांना हिशोब देऊन धंदा पुढे चालेल असं कलम घाला. दोनच भागीदार असतील तर वारस किंवा नवा भागीदार आत येण्याची तरतूदही हवी, कारण एकट्याची भागीदारी फर्म नसते.

बोर्डवरचा मोबाइल नंबर कोणाच्या नावावर आहे तेही आजच बघा. गेटवर वेल्ड केलेल्या नावाच्या पट्टीवर, जुन्या बिलांवर, गूगलच्या नकाशावर, सगळीकडे तो एकच नंबर असतो. भागी मोडली की त्याचा धनी पुढची दहा वर्षं गिऱ्हाइकं घेऊन जातो आणि दुसऱ्याकडे फक्त वेल्डिंग मशीन राहतं. फर्मच्या नावाने सिम घ्या, गूगल आणि ईमेलचे पासवर्ड दोघांकडे ठेवा.

निघणाऱ्याने स्वतःसाठी तीन कामं विसरू नयेत. बँकेला पत्र देऊन सही आणि जामीन काढून घेणं. निबंधकाकडे बदल नोंदवून कायद्यात सांगितल्याप्रमाणे जाहीर सूचना देणं, कारण ती देईपर्यंत फर्मच्या नव्या देण्यांसाठीही बाहेरचे लोक जुन्या भागीदाराला धरू शकतात. आणि निवृत्तीनंतर एका महिन्याच्या आत जीएसटी आयुक्तांना लेखी कळवणं; उशीर झाला तर कळवल्याच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीत नाव राहतं. तिन्हींच्या पोचपावत्या फाइलला लावा, आणि ती फाइल वर्कशॉपमध्ये नको, घरी ठेवा.